बंद फोनवरचा जिताडा

मी एकदा बंद पडलेल्या टेलिफोनवरून जिताडा विकत घेतला. चांगला मांडीएवढा जाड, रुपेरी अंगाचा. फोनमध्ये जीव नव्हता, पलीकडे माणूस नव्हता, माझ्या खिशात पैसे नव्हते. तरी घेतला.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बाकीच्या माझ्या फजित्या पेण तालुक्यात बऱ्याच लोकांना पाठ आहेत — त्या मीच पसरवल्यात. स्वतःच्या साखरपुड्याला निघून मी दुसऱ्याच घरी चहा-पोहे खाऊन आलो होतो, ते सांगतो. गणपतीची मूर्ती आणायला पेणला गेलो आणि शेजाऱ्याचा गणपती घेऊन आलो, तेही हातवारे करून सांगतो. ही मात्र ठेवून दिली. का? हिच्यात हसण्यासारखं जे आहे ते सगळं वरवर आहे. खाली हात घातला की वेगळंच काहीतरी लागतं. आणि हात घालायची माझी कधी छाती झाली नाही.

आज घालतो. पण थोडं लांबून यायला हवं — एकदम नाही जमणार.

आमचं गाव पेणच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाभोवती मातीचा बांध. बांधाच्या आत भातशेती, आणि शेतांच्या मधोमध गावतळं. त्या तळ्यात जिताडा वाढतो. जिताडा म्हणजे आमच्याकडे माशांमधला जावई. तो घरात आला की बाकीची भांडी आपोआप मागे सरतात. साहेबाला खूश करायचं असो की रुसलेल्या व्याह्याला, आमच्या भागात जिताडा पोचवतात आणि निश्चिंत होतात.

दरवर्षी उन्हाळ्यात तळ्यात जाळं फिरायचं. त्यात जो सगळ्यात मोठा जिताडा येईल तो देवाचा. तो देवळापुढे केळीच्या पानावर ठेवायचा आणि त्याचा लिलाव करायचा. पैसा बांधाच्या डागडुजीला. पण खरी गंमत माशात नव्हतीच. ज्याच्या नावावर देवाचा मासा सुटेल त्याला तळ्याच्या मक्त्याचा पहिला मान — पंचांनी ठरवलेल्या भावात, हवं असेल तर, वर्षभर तळं त्याचं. म्हणून तर एका माशासाठी नागोठण्यापासून रोह्यापर्यंतची माणसं येऊन उन्हात उभी राहायची.

आणि नियम एकच, देवळाच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलेला. संध्याकाळच्या आरतीच्या आत रोख पैसे. नाही दिले तर मासा पुढच्या बोलीवाल्याला, आणि तो माणूस पुन्हा कधी बोलीला उभा राहायचा नाही.

माझा एसटीडी बूथ देवळाच्या बरोब्बर समोर होता. पिवळी पाटी, काचेचं दार, आत मी. नव्वद सालानंतरचे ते दिवस. गावात फोन तो एवढाच. मी स्वतःला पोस्टमास्तर, तलाठी आणि थोडासा पुजारी समजत असे. कुणाच्या घरी काय चाललंय ते त्या घरातल्या माणसांच्या आधी मला कळायचं.

एका वर्षी काय झालं, मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या आमच्या नानाने ऐन लिलावात फोन केला. म्हणाला, "माझी पण बोली लाव रं." मी फोन कानाला लावून दारातून ओरडलो, "मुंबईची बोली!" — आणि काय सांगू, सगळं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं. नागोठण्याचे ठेकेदार शेठ, जे एरवी मिशीवरून हात फिरवत मासा घेऊन जायचे, ते चक्क घामेजले. मासा दुपटीने गेला. बांधाला नवी माती पडली. पंचांचे म्होरके तात्या, गावात ज्यांचा शब्द शेवटचा, त्यांनी मला स्वतःच्या हाताने पान लावून दिलं.

पुढच्या वर्षापासून मुंबईची बोली ही रीतच झाली. ती आली नाही तर लिलाव अळणी. आणि ती माझ्या तोंडून यायची. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं? मी लिलावाच्या दिवशी नवा शर्ट घालायला लागलो.

आता हिराबाई.

हिराबाई रोह्याची. मासळीबाजारात तिचा गाळा होता, पण त्याआधी किती तरी वर्षं तिने डोक्यावर पाटी घेऊन रोह्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. आमच्या लिलावात बोलीला उभी राहणारी बाई ती एकटीच. पंचांना ते खुपायचं, पण भिंतीवरच्या नियमात बाईला बंदी लिहायची राहून गेली होती. आणि बोली लावावी तर तिने! बाकीचे पुरुष आकडा बोलायच्या आधी छाती फुगवायचे, खाकरायचे, आजूबाजूला बघायचे. ही पायरीवर बसलेली, तोंडात पान. 'दोन वार' होईपर्यंत हलायची नाही. मग हनुवटी जराशी वर करून, शेजारणीकडे मीठ मागावं त्या आवाजात आकडा सांगायची. समोरच्याला वाटायचं, अरे, हिच्याकडे अजून पुष्कळ आहे. तसं नसायचंही कधी कधी. पण वाटायचं! मी आयुष्यात पुष्कळ बढाईखोर बघितले, मी स्वतः त्यातला. पण न बोलता एवढा वचक ठेवणारं माणूस ते एकच.

त्या वर्षी ती सकाळीच गावात आली. माझ्या बूथमधून रोह्याला भावाला फोन लावला — घरी थांब, लागलं तर बोलावीन, म्हणून. मग बाकड्यावर बसून थंड प्यायली आणि आपणहून म्हणाली, "यंदा तळं घेतेय बघ, बूथवाल्या. दुसऱ्याच्या जाल्यातलं इकून पाय झिजलं. मना आता माझं पानी पायजे."

'माझं पाणी.' हे तिने मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. हे लक्षात ठेवा — मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केलाय.

त्याच सकाळी नानाचाही फोन आला. यंदा आपल्याला जमत नाही, म्हणाला. मी जरा हिरमुसलो. आणि दुपारी बारा-साडेबाराला फोनच मेला. पेंढ्याने खच्चून भरलेला ट्रक हमरस्त्यावरून आत वळताना एसटीच्या थांब्यापाशी वायर घेऊन गेला. सगळं गाव तळ्यावर. मला कळलं ते सामान घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून. रिसीव्हर उचलला — विहिरीत कान घातल्यासारखं सामसूम.

तेव्हा साधं बाहेर येऊन सांगायचं होतं, फोन बंद आहे. पण तेवढ्यात तात्या दारात आले. खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर लिलावाची घाई. "काय रं, मुंबई हाय ना?"

मी म्हणालो, "हाय."

एवढंच. एका शब्दात मुंबई उभी केली मी.

लिलाव सुरू झाला. मी मीटरवर टॉवेल टाकला — त्याचे लाल आकडे धावत नव्हते, ते कुणी बघायला नको — आणि मेलेला फोन कानाला लावून दारात उभा राहिलो. कोण बोली लावतंय असं कुणी विचारलं, तर मी सांगितलं, एक भक्त आहेत, नाव सांगू नका म्हणालेत. लोकांना ते फारच आवडलं. "मोठ्या मनाचा माणूस!" कुणीतरी म्हणालं. मी लाजलो. म्हणजे बघा — नसलेल्या माणसाची स्तुती, आणि लाजतोय मी!

शेठ लवकरच बाजूला झाले. उरलो हिराबाई आणि मी. ती मीठ मागितल्यासारखी आकडा सांगायची, मी फोनमध्ये तो पुन्हा सांगायचो, कान देऊन ऐकल्यासारखं करायचो, आणि ओरडायचो — "मुंबई चढली!" टाळ्या. पुन्हा ती. पुन्हा मुंबई. मला तिची बरोबरी करता येतेय याचाच मला केवढा कैफ चढला होता. मनाशी म्हणत होतो, बांधाचंच भलं होतंय ना? पण खरं सांगू, बांध तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. टाळ्या होत्या.

शेवटी तिने एक आकडा सांगितला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा कोरडा आला. मी तेवढ्यावर थांबलो. एक वार, दोन वार, तीन वार. मासा तिच्या नावावर सुटला. मला वाटलं, सुटलो.

तिने कमरेची पिशवी सोडली. पैसे कमी पडले. पडणारच. मी चढवलेल्या बोलीला पुरतील एवढे पैसे घेऊन कोण येतो?

ती गडबडली नाही. तात्यांना म्हणाली, उद्या सकाळपर्यंत मुदत द्या. तात्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"गेल्या साली शेठनं दिवाळीला दिलं पैसं, तात्या."

"शेठची गोष्ट येगळी, बाय. ते गावाच्या कामाला येतात."

"मग मी कुनाच्या कामाला येते? बांधाच्याच ना?" असं म्हणून तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून पायरीवर ठेवल्या. "ह्या ठेवा तवर."

"नेमात सोनं नाय. रोख हाय."

शेठ खिशातून रुमाल काढून मान पुसत होते. हिराबाईने बांगड्या पुन्हा हातात घातल्या — एकेक करून, घाई न करता — आणि म्हणाली, "आरतीला येळ हाय ना? मग फोन लावते. भाऊ पुढच्या गाडीनं येतो पैसं घेऊन."

आणि ती माझ्याकडे यायला निघाली.

इथे मी जरा थांबतो. कारण इथवरचं सगळं तुम्ही हसून सोडून द्याल, मला ठाऊक आहे. खोट्या बोल्या कुठे लागत नाहीत? गुरांच्या बाजारात लागतात, आंब्याच्या बागेला लागतात. हे पुढचं आहे, जे मी सांगत नव्हतो.

ती बूथमध्ये आली. काचेचं दार लोटलं. माझ्यासमोर उभी राहून तिने नंबर सांगितला. आणि मी तो लावला. मेलेल्या फोनवर, बटणं दाबून, एकेक आकडा. रिसीव्हर तिच्या हातात दिला नाही, आपल्याच कानाशी घट्ट धरला. तोंड वाकडं केलं. पुन्हा लावला. "रोहा लागत नाय, बाय," म्हणालो. त्या काळी रोहा न लागणं म्हणजे नवल नव्हतंच. तिने मान हलवली. "बघ अजून एकदा." मी अजून एकदा बघितलं. आणि अजून एकदा. कपाळाला घाम आला माझ्या, तो तिला माझी खटपट वाटला.

फोन बंद आहे एवढं सांगितलं असतं, तर? पंचांनी विचारलं असतं, मग मुंबई कुठून आली? माझं हसं झालं असतं. मी, ज्याने आयुष्यभर आपलं हसं हौसेने करून घेतलं, त्याला नेमकं हेच एक हसं नको होतं. फोन बंद आहे हे कळलं असतं तर तिने कुणाची तरी मोटारसायकल नागोठण्याला पिटाळली असती, तिथून फोन लावला असता. वेळ होता. मी तो वेळ माझ्या बोटांनी खाल्ला.

जाताना ती म्हणाली, "राहूं दे रं. तुझ्या हातात काय हाय त्यात."

आरती होईपर्यंत ती पायरीवर बसून होती. रडली नाही, कुणाचे पाय धरले नाहीत. माशावर माशी बसली की पदराने हाकलायची, अजून तो तिचाच असल्यासारखी. घंटा वाजली तशी उठली, देवाला हात जोडले, रिकामी पाटी काखेत मारली आणि थांब्याकडे चालू लागली. पाठ ताठ. मी काचेतून बघत होतो. पुन्हा बोलीला उभं राहायचं नाही, असं पंचांनी तिला मोठ्याने ऐकवलं, ते तिने चालता चालताच ऐकलं.

मग नियमाप्रमाणे मासा पुढच्या बोलीवाल्याचा. पुढचा म्हणजे मुंबई. मुंबई म्हणजे मी.

मी तात्यांना म्हणालो, त्यांचे पैसे आज कुठून येणार? तात्या उदार हसले. "मुंबईकर मानूस. पाठवील सावकाश. त्याला काय घाई?"

ऐकलंत? जो माणूस जगात नव्हताच त्याला मुदत मिळाली. जी समोर उभी होती, हातातलं सोनं काढून देत होती, तिला नाही. हे मी तेव्हाही ऐकलं होतं. ऐकून मासा उचलला.

आणि मुंबईच्या भक्ताला तळं कशाला हवंय, असं म्हणून पंचांनी तळं दिलं शेठना. सगळे खूश होते.

घरी बायकोने दार उघडलं, मी मासा दोन्ही हातांत धरून उभा. "ह्या पाव्हण्याला निजवायचा कुठं?" तिने विचारलं. मुंबईच्या माणसासाठी ठेवलाय म्हटलं. सकाळी बर्फाच्या गोणपाटात गुंडाळून एसटीने पेणला नेला. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट काढा, मुलाएवढा आहे. पेणच्या एका खानावळवाल्याने गोणपाट उघडून बघितलं आणि निम्म्याहून कमी भाव केला. "जिताडा आपण फक्त रोह्याच्या हिराबाईकडून घेतो," वर हेही ऐकवलं, "ती फसवत नाय." मिळाले ते पैसे मी मुंबईच्या नावाने देवळाच्या पेटीत टाकले. बोलीच्या उरलेल्या पैशांबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही. वायर त्या संध्याकाळी तुटली असं मी सांगितलं, तेही कुणी तपासलं नाही. ज्यांना तपासायचं असतं त्यांनी आधी टॉवेल उचलून मीटर बघितलं असतं.

पुढच्या वर्षी पंचांनी त्या अनाम भक्तासाठी माझ्याकडे शाल-श्रीफळ दिलं. श्रीफळाची आम्ही चटणी केली. शाल अजून ट्रंकेत आहे. थंडी कितीही पडो, मी ती अंगावर घेत नाही — बायकोला वाटतं, मी जपतोय.

हिराबाई पुन्हा आमच्या गावात आली नाही. मी मात्र तिच्याबद्दल ऐकत राहिलो, आणि ऐकून मला बरं वाटायचं, लाज वाटायची, दोन्ही एकदमच. तिने खांब गावाच्या बाजूला कुणाची तरी पडीक तळी भाड्याने घेतली, गाळ काढला, पिल्लं सोडली. म्हणजे झालंच तिचं पाणी. दोन-तीन वर्षांत तिच्या गाळ्यापुढे रोज सकाळी तिचा स्वतःचा लिलाव व्हायला लागला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा एकदा रोह्याला कामासाठी गेलो, आणि पाय आपोआप बाजारात गेले. गर्दीच्या मागे उभा राहून तिचा लिलाव बघितला. काय सांगू तुम्हाला! तोच मीठ मागणारा आवाज, आता बोली घेणारा. भिंतीवर काही लिहिलेलं नाही. नियम तिच्या तोंडात — पैसा आधी, मासा मग — आणि तो सगळ्यांना सारखा. आमचे नागोठण्याचे शेठ पुढे होते. थोडे कमी आहेत, ड्रायव्हरच्या हाती पाठवतो, म्हणाले. हिराबाईने त्यांच्या पिशवीतला मासा काढून परत फळीवर ठेवला, हसतमुखाने, आणि पुढची बोली घेतली. मागोमाग एका कातकरी बाईने आपल्याला परवडेल तेवढा वाटा मोजून पैसे देऊन नेला, तिला मात्र वर मूठभर कोलंबी पडली. शेठ रुमालाने मान पुसत होते. तोच रुमाल असेल का?

मला राहवलं नाही. इतक्या कौतुकाने मन भरून आलं की त्या भरात मी बोली लावली. का? मलाही माहीत नाही. तिने बघावं म्हणून असेल. एका हॉटेलवाल्याशी चढाओढ करत गेलो, जुनी खुमखुमी, आणि एक लहानसा जिताडा माझ्या नावावर सुटला. खिशात हात घातला. कमी पडले.

म्हणालो, "हिराबाई, उद्या आणून दिले तर —"

तिने मान वर केली. ओळखलं. रागावली नाही, हेच वाईट. ओला हात फडक्याला पुसला, फळीखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, मागे वायर असलेला फोन काढला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे सरकवला.

"लाव घरी फोन, बूथवाल्या. त्या दिशी थांब्यावर मी तुझी वायर वलांडूनच एसटीत बसले. माझी तुटलेली नाय."